परके भांडवल आणि म्हैसूर दरबार

१७ एप्रिल २०२० रोजी भारत सरकारच्या उद्योगखात्याने एक लहानसे पत्रक काढले. भारताच्या भूमीला ज्या देशांची सरहद्द भिडलेली आहे, त्या देशांतून येणारे भांडवल यापुढे सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून येथे गुंतविता येणार नाही, एवढाच त्याचा आशय होता. पत्रकात चीनचे नाव घेतलेले नव्हते. परंतु रोख कोणाकडे आहे हे समजावयास फारशी बुद्धी लागत नव्हती. बंगळूर शहराला तर ते चटकन समजले असले पाहिजे. कारण हुआवे या चिनी कंपनीने आपले संशोधनकेंद्र १९९९ सालीच तेथे थाटले होते आणि २०१५ साली त्या केंद्रासाठी शहराच्या पूर्वेस मोठी वसाहत उभारली होती.

परदेशचा पैसा आणि परदेशची विद्या घ्यावी की न घ्यावी, घेतली तर कोणत्या अटींवर, आणि त्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणार कोण, हा वाद आज आशिया-आफ्रिकेतील बहुतेक प्रगतिशील राष्ट्रांत चालू आहे. बंगळूरला मात्र तो नवा नाही. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या एका शहराच्या आसमंतात परक्या भांडवलाशी व्यवहार करण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा अजमावून झालेल्या आहेत. त्यांपैकी एकीत चीनही आला होता. पण आजच्यासारखा भांडवल देणारा म्हणून नव्हे, तर भांडवल घेणारा, आणि युद्धाच्या वणव्यात ते गमावून बसलेला देश म्हणून. ती कथा एका सोलापूरकर उद्योगपतीशी निगडित आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी श्रोत्यांना थोडे मागे नेणे भाग आहे.

१८३१ साली इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार आपल्या हाती घेतला आणि पुरी पन्नास वर्षे तो चालविला. २५ मार्च १८८१ रोजी तो महाराजा चामराजेंद्र वडियार यांच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांनी रयतेच्या प्रतिनिधींची सभा भरविण्याची प्रथा घातली. या प्रतिनिधिसभेला कायदा करण्याचा अधिकार नव्हता, अंदाजपत्रक फेटाळण्याचा तर नव्हताच. सरकारने वर्षभरात काय केले ते तिने ऐकून घ्यावे, गाऱ्हाणी मांडावीत, आणि निघून जावे. आजच्या दृष्टीने ही अगदीच बापुडवाणी लोकशाही होय. तथापि जेथे राज्याचा जमाखर्च खलबतखान्याबाहेर कधीच पडत नसे, तेथे तो दरसाल शे-दीडशे माणसांसमोर वाचून दाखविण्याची सवय कारभाऱ्यांना लागणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पुढे शेषाद्री अय्यर यांच्या दिवाणगिरीत, १८९१ साली, संस्थानच्या नोकरीसाठी स्पर्धापरीक्षाही सुरू झाली. मुद्दाम हे सांगतो, कारण परक्या भांडवलदाराशी करार करावयाचा तर करार वाचणारा, हिशेब मांडणारा आणि वेळप्रसंगी ‘नाही’ म्हणणारा अंमलदार घरात असावा लागतो. तो घडविण्याचे काम म्हैसुरात भांडवल येण्याच्या आगेमागेच चालू होते.

पहिली तऱ्हा कोलारच्या सोन्याची. मायकेल लाव्हेल नावाच्या एका निवृत्त आयरिश शिपायाने १८७३ च्या सुमारास तेथे सोने शोधण्याचा मक्ता मागितला. पुढे मक्ते हातोहात फिरले आणि १८८० नंतर लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या पेढीने खाणींची सूत्रे हाती घेतली. भागधारक विलायतेतले, इंजिनियर विलायतेतले, वरचे मुकादम कॉर्नवॉलचे. आणि पाताळात उतरणारे मजूर मुख्यतः तमिळ मुलखातले. म्हैसूर सरकारचा वाटा म्हणजे निघालेल्या सोन्यावर शेकडा ५ स्वामित्वधन. त्या काळी संस्थानच्या तिजोरीला ही रक्कम मोठी वाटे, आणि होतीही. परंतु खाणीतील विद्या संस्थानकडे येत नव्हती, नफ्याचा ओघ लंडनकडे होता, आणि त्या वसाहतीत म्हैसूरचे राज्य आहे की टेलरांचे, असा संभ्रम पडावा अशी स्थिती होती. १९३० साली नोंदणीसाठी अंगठ्याचे ठसे देण्याच्या सक्तीविरुद्ध हजारो मजुरांनी संप केला, तेव्हा सरकार आणि कंपनी यांच्यामधली रेघ किती पुसट झाली होती हे दिसून आले. म्हैसूर राज्याने या खाणी अखेर १९५६ साली आपल्या ताब्यात घेतल्या. तोवर उत्तम सोने निघून गेले होते. २००१ च्या फेब्रुवारीत खाणी बंद पडल्या. सुमारे एकशेवीस वर्षांत त्यांतून ८०० टनांहून अधिक सोने निघाले, आणि मागे उरल्या त्या पिवळट मातीच्या टेकड्या आणि बेकार माणसांची वसाहत.

दुसरी तऱ्हा याच खाणींतून निघाली, आणि माझ्या मते ती अधिक शहाणपणाची होती. खाणींना शक्ती हवी होती. कोळसा दुरून आणावा लागे. शिवसमुद्रम् येथे कावेरी उंच कड्यावरून खाली कोसळते, तिच्यापासून वीज निर्माण करून ती कोलारपर्यंत न्यावी, अशी योजना म्हैसूरच्या सेवेत असलेल्या द लोत्बिनियेर या लष्करी इंजिनियराने मांडली. कुणा कंपनीला धबधबा मक्त्याने देऊन मोकळे होणे दिवाणांना सोपे होते. शेषाद्री अय्यरांनी तसे केले नाही. यंत्रसामग्री अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून विकत घेतली, ती उभारावयास त्यांचे तज्ज्ञ आले. पण केंद्र राहिले सरकारच्या मालकीचे, आणि खाणकंपन्या झाल्या सरकारच्या गिऱ्हाईक. १९०२ च्या जूनअखेर ९२ मैलांच्या तारांवरून वीज कोलारला पोचली. एवढ्या लांबवर वीज नेण्याचे प्रयोग तेव्हा जगातही थोडेच झाले होते.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो घेतलाच पाहिजे. रयतेच्या पैशाने केंद्र उभारले आणि पहिला दिवा पेटला तो विलायती कंपनीच्या खाणीत. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचा उजेड पडावयास १९०५ साल उजाडावे लागले, आणि खेड्यापाड्यांची गोष्ट तर बोलूच नये. आक्षेप खरा आहे. परंतु खाणी आटल्या तरी धबधबा म्हैसूरचाच राहिला. तारा ओढणारी, यंत्र दुरुस्त करणारी माणसे तयार झाली. उन्हाळ्यात नदीचे पाणी घटून वीज अपुरी पडू लागली, तेव्हा वर कृष्णराजसागराचे धरण बांधावे या विचाराला बळ आले. ते काम १९११ साली ज्यांच्या देखरेखीखाली सुरू झाले, ते विश्वेश्वरय्या आपल्या पुण्याच्याच कॉलेजातून इंजिनियर झालेले आणि मुंबई इलाख्यात अनेक वर्षे नोकरी केलेले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे पुणेकरांच्या परिचयाचे आहेत. म्हैसूरचे दिवाण झाल्यावर त्यांनी भद्रावतीच्या लोखंडी कारखान्याची योजना हाती घेतली, तीही अमेरिकन तज्ज्ञांच्या सल्ल्याने; आणि पुढे तो कारखाना डबघाईला आला असता स्वतः त्याची व्यवस्था पाहून परदेशी माणसांच्या जागी देशी माणसे नेमली. कारखाना फायद्यात यावयास फार काळ लागला, हेही लपविण्यात अर्थ नाही.

आता तिसरी तऱ्हा. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे बांधकामाच्या ठेक्यांतून वर आलेले गृहस्थ. १९१९ साली सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट त्यांनी मुंबईहून विलायतेस धाडली आणि इंग्रज जहाजकंपन्यांशी झुंज सुरू केली, हे सर्वश्रुत आहे. जहाज, मोटार आणि विमान या तिन्ही वस्तू या देशात झाल्या पाहिजेत हा त्यांचा ध्यास. १९३९ साली ते मोटारीच्या कारखान्याची बोलणी करण्यासाठी अमेरिकेस गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकनाशी गाठ पडली. पॉली चीनला विमाने विकत असे, आणि नुसती विकत नसे. चीन सरकारच्या भागीदारीत तेथे विमानांची जुळणी करणारा कारखाना चालवीत असे.

या चिनी कारखान्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९३३ साली तो हांगचौ येथे स्थापन झाला. चीन तेव्हा दुबळा होता, आतून दुभंगलेला होता. जपानपासून रक्षण व्हावे तर विमाने हवीत, आणि ती स्वतः बनविण्याची विद्या नाही. म्हणून अमेरिकन कंपन्यांनी सुटे भाग आणि तज्ज्ञ पुरवावेत, चीनने जागा, मजूर आणि पैसा द्यावा, असा तो संसार होता. १९३७ साली जपानने चढाई केली. हांगचौ सोडून कारखाना यांगत्सेच्या काठी हांकौला गेला. तेथेही टिकाव लागेना, तेव्हा पार ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर, युनान प्रांतात लॉइविंग नावाच्या जागी त्याने तळ दिला. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारा असा कारखाना इतिहासात विरळा. ऑक्टोबर १९४० मध्ये जपानी विमानांनी लॉइविंगवरही बाँब टाकले.

पॉलीला दुसरी, अधिक सुरक्षित जागा हवी होती आणि वालचंदांना विद्या हवी होती. दोघांचा मेळ जमला. अडचण होती ती हिंदुस्थान सरकारची. ब्रिटनच्या विमानकारखान्यांना अमेरिकेतून मिळावयाची यंत्रसामग्री इकडे वळेल अशी लंडनला धास्ती होती. आणि हिंदी माणसाने विमाने बांधण्याची कल्पनाच पुष्कळ साहेबांना चमत्कारिक वाटत असावी. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि मते बदलली. जागा कोठे घ्यावयाची? म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूर देऊ केले: सुमारे ७०० एकर जमीन, शिवसमुद्रमची वीज, समुद्रापासून दूरचे सुरक्षित पठार, आणि शिवाय २५ लाख रुपयांचे भागभांडवल. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी बंगळुरात नोंदली गेली. १९४१ च्या एप्रिलपर्यंत हिंदुस्थान सरकारही तेवढेच २५ लाख घालून एक-तृतीयांशाचे भागीदार झाले.

येथे क्षणभर थांबून या भागीदारीकडे पाहावे. पॉलीने आराखडा, यंत्रे आणि अमेरिकन कसबी माणसे आणली. पण कंपनीची मालकी त्याच्याकडे गेली नाही. मालक तिघे: सोलापूरचा उद्योगपती, म्हैसूर दरबार आणि दिल्लीचे सरकार. कोलारला दरबार भाडे घेणारा जमीनदार होता. शिवसमुद्रमला यंत्रे विकत घेणारा मालक झाला. येथे तो भागीदार होऊन बसला. साठ वर्षांत राज्यकर्त्यांच्या दृष्टीत पडलेले हे अंतर मला कारखान्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

ऑगस्ट १९४१ मध्ये बंगळुरात जुळणी केलेले पहिले विमान, हार्लो जातीचे शिकाऊ वैमानिकांचे, आकाशात गेले. जुलै १९४२ मध्ये कर्टिस हॉक जातीचे लढाऊ विमान उडाले. लॉइविंगच्या कारखान्यासाठी म्हणून ठरलेले सामान युद्धाच्या धामधुमीत बंगळुराकडे वळले होते. चीनच्या नावे निघालेली विमाने कानडी मुलखात जुळविली जात होती. लॉइविंगचा कारखाना मे १९४२ मध्ये जपान्यांच्या हाती पडला, आणि निघताना माणसांनी मागे उरले ते पेटवून दिले. एका हांगचौत रुजलेले रोप तीनदा उपटले गेले आणि जळाले. त्याचेच एक कलम बंगळुरात जगले.

हे कलम जगले ते म्हैसूरच्या कारभाराच्या पुण्याईने, असे मात्र मी म्हणणार नाही. चिनी अंमलदारांच्या नालायकीचे पवाडे तत्कालीन पाश्चात्त्य लेखकांनी पुष्कळ गायिले आहेत; परंतु बंगळुरावर रोज बाँब पडले असते तर आमचे दिवाण काय करते, हे सांगता येत नाही. भूगोलाचे देणे भूगोलालाच दिले पाहिजे.

आणि बंगळूरलाही धक्के बसलेच. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. नवी विमाने बांधीत बसण्यापेक्षा लढाईत मोडलेली विमाने दुरुस्त करणे सरकारला निकडीचे वाटू लागले. २ एप्रिल १९४२ रोजी सरकारने वालचंद आणि इतर प्रवर्तकांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. ज्याने स्वप्न पाहिले तोच सव्वा वर्षात बाहेर! वालचंदांना पैसे मिळाले. परंतु ज्या माणसाने जहाजासाठी तीस वर्षे भांडण केले, त्याला पैशाने समाधान झाले असेल असे मानण्याचे कारण नाही. विशेष असे की म्हैसूर दरबाराने मात्र आपले भाग विकण्याचे नाकारले. व्यवस्था सोडली, हिस्सा सोडला नाही. १९४३ साली कारखाना अमेरिकन वायुदलाकडे सोपविला गेला आणि दोन वर्षे तेथे ब्रह्मदेश-आघाडीवरची विमाने दुरुस्त होत राहिली. विमाने बांधण्याचा मूळ हेतू या काळात जवळजवळ बाजूस पडला. हॉक विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली. म्हणजे अटी चांगल्या, भागीदारी चांगली, पण वर साम्राज्यसरकार बसलेले असताना मांडलिक दरबाराच्या सहीला किती किंमत असते, तेही येथेच दिसून आले. मोटारीच्या कारखान्याची विश्वेश्वरय्यांची योजना बंगळुरात उभी राहू शकली नाही, तीही अशाच वरच्या नापसंतीपायी. वालचंदांनी तो कारखाना पुढे मुंबईत काढला.

आजच्या वादात ही हकिगत उपयोगी पडावी. चीन आता देणारा झाला आहे. श्रीलंकेतील हंबनटोटा बंदर चिनी कर्जाने बांधले, २०१० साली उघडले, आणि २०१७ साली ९९ वर्षांच्या पट्ट्याने १.१२ अब्ज डॉलरला चिनी कंपनीकडे गेले, हे उदाहरण सर्वांच्या तोंडी असते. सावकाराने जाळे टाकले, असे म्हणून पुष्कळजण तेथेच थांबतात. कोलारचा इतिहास जाणणारा मनुष्य तेथे थांबणार नाही. तो विचारील की बंदर हवे होते कोणाला, त्याचा जमाखर्च कोणत्या सभेपुढे ठेवला गेला, आणि कर्ज घेताना ‘एवढी जहाजे येतील कोठून’ असे विचारण्याची मुभा कोणा अंमलदारास होती काय. उलट, दक्षिण आफ्रिकेच्या शेजारचे बोट्स्वाना पाहा. तेथे हिऱ्याच्या खाणी डी बिअर्स या परक्या कंपनीने काढल्या. आरंभी सरकारचा हिस्सा शेकडा १५ होता. १९७५ साली सरकारने पुन्हा बोलणी करून तो निम्म्यावर नेला. कंपनी तीच आणि हिरेही तेच. टेबलाच्या अलीकडे बसलेली माणसे तयारीची होती. लाव्हेलच्या मक्त्याच्या वेळी, १८७३ साली, म्हैसुरात अशी माणसे बसविण्याचा अधिकारच म्हैसूरकरांना नव्हता. कारभार इंग्रज कमिशनराचा होता. मग शेकडा ५ वर समाधान मानावे लागले यात नवल ते काय?

कारखान्याचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. १९४० सालीच विष्णु माधव घाटगे नावाचे एक मराठी शास्त्रज्ञ तेथे दाखल झाले होते. जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांट्ल या विख्यात आचार्याच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले होते. युद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत वैमानिकीचा विभाग निघाला, तेव्हा तेथे शिकविण्याचे कामही घाटग्यांनी अंगावर घेतले. अमेरिकन गेले. कारखाना, हत्यारे आणि हजारो कसबी कामगार राहिले. दुरुस्ती करताकरता हात बसलेल्या या माणसांना हाताशी धरून घाटग्यांनी शिकाऊ वैमानिकांसाठी दोन आसनांचे, एका इंजिनाचे विमान आखले. त्याला ‘एच. टी. २’ असे रुक्ष नाव मिळाले. ऑगस्ट १९५१ मध्ये ते बंगळूरच्या धावपट्टीवरून उडाले. आराखडा येथला, बांधणी येथली. इंजिन मात्र विलायती होते.

घाना १९५७ साली स्वतंत्र झाला. दोन वर्षांनी त्याने आपले विमानदल उभे करावयास घेतले, तेव्हा इस्रायलप्रमाणेच भारताचेही अधिकारी शिकवावयास तेथे गेले. घानाच्या तरुणांनी उडण्याचे पहिले धडे ज्या विमानांवर गिरविले, त्यांत बंगळुराहून आलेली बारा एच. टी. २ होती.